आधी प्लग बदला

होशंगाबादचं २०२२ मध्ये नर्मदापुरम झालं. भोपाळहून मिसरोदवरून तिकडे जाणारा रस्ता बोलण्यात मात्र अजून होशंगाबाद रोडच आहे. या रस्त्यालगतच्या कॉलन्यांत पावसाळ्यात हिरवळ गुडघ्याला लागली, की वर्षभर अडगळीत पडलेलं गवत कापायचं यंत्र बाहेर निघतं. दोरी ओढली की सुरू होतं, जरा गुरगुरतं आणि बंद पडतं.

मग समिती जमते. पहिला ठराव ठरलेला: प्लग बदला. इंजिन सुरू होतंय म्हणजे ठिणगी पडतेय, एवढं ध्यानात घ्यायला कोरम पुरत नसावा. चोकवर ते उठतं, कार्बोरेटरच्या वाटीतलं घोटभर पेट्रोल पितं आणि पुढचा पुरवठा आला नाही की मान टाकतं. दोष बहुधा गेल्या साली टाकीत विसरलेल्या पेट्रोलचा. त्याचा चिकट थर जेटच्या बारीकशा भोकात बसतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते ओल शोषतं. भोपाळचा श्रावण ओलीची ददात पडू देत नाही.

कधी टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्रच बुजलेलं असतं. झाकण सैल केल्यावर इंजिन चालू राहिलं की निदान झालं, तेही फुकट. पण फुकटच्या उपायाला बिल नसतं, आणि बिलाशिवाय कोषाध्यक्षांनी करायचं काय? तेव्हा नवा प्लग बसला आहे, विजेवरच्या यंत्राची कोटेशनं मागवली आहेत. पेट्रोल गेल्या सालचंच आहे.