लई गडबडय, मामा!

देगलूरच्या बसस्टँडजवळ कुठल्याही हॉटेलात चहा सांगा. तो येईपर्यंत हा गृहस्थ येतोच. मोटारसायकल चालूच ठेवून स्टँडवर लावतो आणि "बसायला टाईम नाही मामा, लई गडबडय," म्हणत बसतो. गाडी बाहेर धूर सोडत उभी. पेट्रोल जळालं तर चालतं, त्याचा टाईम जळायला नको.

गडबड कशाची, हे विचारू नये. विचारलंत तर सांगायला त्याच्याकडं निवांत अर्धा तास असतो. तहसीलला फेरफार, मोंढ्यात सोयाबीनचा भाव, उदगीरला सोयरिकीची बैठक, नांदेडला दवाखाना. कालही हीच चार कामं होती. एकही झालं नाही, कारण बाकीच्या तिन्हींची गडबड होती.

मध्येच फोन वाजतो. बशीतला चहा न सांडता तो ओरडतो, "आलो की! नरसीच्या फुडं येऊलालो!" पलीकडचाही "मी कवाचा थांबलोय" म्हणून दटावतो. त्याची तर अंघोळही राहिलेली असते. दोघांनाही सगळं ठाऊक असतं, म्हणून भांडण होत नाही.

खरं तर या गावाला घाईचं वावडंच. तेलंगण आणि कर्नाटक हाकेच्या अंतरावर, पण रेल्वे अजून नाही. नांदेड–बिदर मार्गाच्या गप्पांवर माणसं म्हातारी झाली. आणि गाव जागचं न हलता राज्यं मात्र बदलत आलं. 1948 ला निजामाची राजवट गेली, 1956 ला हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबईत, 1960 ला महाराष्ट्रात. आमचा माणूस दिवसभर पळतो आणि संध्याकाळी त्याच बसस्टँडवर सापडतो.

वारकऱ्यांत गावाचं नाव आहे ते देगलूरकर महाराजांमुळं. त्या घराण्यातल्या धुंडा महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगण्यात उभी हयात घातली. याला एक ओवी ऐकायची सवड नाही. सप्ताहात तो थेट काल्याच्या दिवशी उगवतो, तेही पंगतीच्या वेळेला, आणि पहिल्या पंगतीला बसतो. गडबड असते ना! होट्टलचं चालुक्यकालीन मंदिर गावाच्या इतकं जवळ, की लोक लांबून बघायला येतात. हा "एकदा फुरसतीनं जायचंय" म्हणतो. तोवर दगडांना थांबायची सवय आहेच.

ज्यांना खरंच गडबड असते त्या माणसांचा आवाज येत नाही. पहिल्या गाडीनं खेड्यावर जाणाऱ्या नर्सबाई बघा. पहाटे डबा करून, लेकराचं दप्तर भरून, सासूची गोळी काढून ठेवून त्या स्टँडवर उभ्या असतात. गाडी उशिरा आली तर पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडतात. खुद्द याच्या घरीही तसंच. पाणी कधी आलं, कधी भरून झालं, याला पत्ता नाही. उलट बायकोलाच विचारतो, "तू दिवसभर करतीस तरी काय?"

एवढं असून गावात त्याला मान आहे. रिकामा बसलेला माणूस रिकामटेकडा ठरतो, तोच गाडी चालू ठेवून बसला की बिझी ठरतो. ही युक्ती त्याला फार लवकर कळली.

तेव्हा देगलूरला काही काम निघालं, तर पहिल्या गाडीच्या रांगेतल्या कुणाला तरी सांगा. याला सांगाल तर तो लगेच हो म्हणेल. नाही म्हणायलासुद्धा त्याला टाईम नसतो.