चोर सोडून कानाला फाशी

जबड्याचा सांधा कानाच्या भोकाला अगदी खेटून, त्याच्या पुढे असतो. करंगळी कानात घालून तोंड उघडले-मिटले, की त्याची हालचाल बोटाला लागते. प्रयोग चारचौघांत करू नये. खालच्या जबड्याच्या हाडाची दोन टोके कवटीच्या दोन खोबणींत बसतात आणि मध्ये तंतूंची एक चिवट चकती असते. तोंड थोडे उघडले तर सांधा बिजागरीसारखा फिरतो, मोठे उघडले तर हाडाचे टोक चकतीसकट पुढे सरकते. चकती जागची हलली, की घास चावताना ‘कट्’ असा आवाज होतो. दुखत नसेल तर या आवाजावर उपचार सहसा लागत नाहीत. पंगतीत शेजारच्याला तो ऐकू गेला तर सल्ला मात्र लागलीच मिळतो.

सांधा दुखू लागला की आळ येतो कानावर. सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्याच फांद्या कानाच्या नळीला आणि पडद्याच्या काही भागाला जातात, त्यामुळे तक्रार कुठून आली याचा मेंदूला नीट पत्ता लागत नाही. मग लसूण घालून कढवलेले तेल निरपराध कानात पडते. डॉक्टर दुर्बिणीने पाहून ‘पडदा स्वच्छ आहे’ म्हणतात, तेव्हा रुग्णाला आनंद व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेकांना अपमान झाल्यासारखे वाटते. चावताना किंवा जांभई देताना दुखणे वाढत असेल, तर संशय जबड्यावर घ्यावा. कान वाहणे, ताप, कमी ऐकू येणे ही लक्षणे कानाच्या खात्यात जमा. चालताना जबडा दुखून घाम फुटला, तर मात्र थेट इस्पितळ गाठावे, कारण तेव्हा आरोपी हृदय असू शकते.

जबडा आणि कान यांचा हा संबंध 1934 साली गाजवला तो अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी. दाढा पडल्या की जबडा मागे सरकून कानाजवळच्या भागांवर दाब देतो, असे त्यांचे म्हणणे. शरीररचनाशास्त्रज्ञांनी पुढे हे कारण खोडून काढले, तरी आजाराला कॉस्टन यांचे नाव बराच काळ चिकटून राहिले. दुखणे खरे होते, कारण तेवढे चुकले होते.

या प्रकरणातल्या पुष्कळ घडामोडी रात्री होतात. झोपेत दात खाणारा माणूस ते कधीच कबूल करत नाही. साक्षीदार एकच, बायको; तीही कंटाळून दुसऱ्या खोलीत गेलेली. मूल दात खाऊ लागले की घरातली वडीलधारी मंडळी जंतांवर ठपका ठेवतात. झोपेच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी वेगळेच सांगतात: झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू आवळतात. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडणाऱ्या काही जणांत दात खाणेही आढळते, पण एकामुळे दुसरे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दात खाणाऱ्या प्रत्येकाचा सांधा दुखतो असेही नाही. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणे अधिक बोचते, एवढे मात्र नक्की.

उपचार बहुधा साधे असतात: काही दिवस मऊ भात-खिचडी, चिक्की आणि उसाला रजा, गरम शेक, सांगितलेले व्यायाम, गरजेपुरती वेदनाशामके. दिवसा ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायचे. हे ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सर्वांत अवघड जाते. रात्री दातांवर बसवायची पट्टी दातांची झीज वाचवते, पण दात खाण्याची सवय सोडवतेच असे नाही. दुखणे थांबावे म्हणून चांगले दात तासून चावा कायमचा बदलून घेण्याची घाई करू नये. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते.

जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी, नाहीतर एखाद्याचा जबडा निखळून तोंड उघडेच राहते. तो बसवण्याची पद्धत हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखली जाते: दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबायचा आणि मागे ढकलायचा. जबडा जागेवर बसतो तो खाडकन मिटतच, म्हणून अनुभवी डॉक्टर आधी स्वतःच्या अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळून घेतात.