मटेरिअल तयार आहे का?

चिंचवड-निगडीकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सकाळी साडेदहाच्या सुमाराला जिना चढा. कुकरच्या शिट्ट्या, टाकीत पडणारं पाणी, कुणीतरी लावून विसरलेल्या बातम्या, या सगळ्यातून एक आवाज वेगळा ऐकू येईल. घर्रर्र, घर्रर्र, टक्. टक् म्हणजे पात्यात कांद्याची फोड अडकली. मग एक पुरुषी आवाज, 'अगं, फोडी मोठ्या केल्यास तू. परवाच सांगितलं होतं.' त्यावर उत्तर येत नाही. ते दार चॉपरकाकांचं.

चॉपरकाका एकटे नाहीत, ती जमात आहे. मी लिहितोय ते आमच्या बी विंगमधल्यांविषयी, तुम्ही तुमचे आठवा. वय साठीच्या पुढे, प्रकृती उत्तम (काकूंच्या दृष्टीने हीच अडचण), आणि उभं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी आधी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग सोसायटीच्या कमिटीत गेले, पाण्याच्या पंपावरून भांडून बाहेर पडले, आणि दुपारच्या डुलकीला 'पॉवर नॅप' म्हणायला शिकले. पण हात रिकामेच होते. ज्या हातांनी जन्मभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची मापं काढली, ते हात पेपर उलटण्यात रमत नाहीत. अशा वेळी दिवाळीच्या तोंडावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागतं.

तिथे टेबलामागे उभा राहून एक मुलगा हातचॉपरचा डेमो देत असतो. कोबी, गाजर, ढोबळी मिरची. (डेमोवाले नेहमी ताठ भाज्या घेतात. पिकलेला टोमॅटो घेऊन डेमो देणारा मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर त्याच्याकडून मी काहीही विकत घेईन.) काकू पुढच्या स्टॉलवर लोणची बघत असतात. काका थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात. 'गिअर रेशो काय?' मुलगा म्हणतो, 'काका, एकदम स्मूथ आहे.' काका शेजारचा दोरीचा चॉपर उचलतात, एकदा ओढून परत ठेवतात. दोरी ओढायची म्हणजे जनरेटर सुरू करायचा. आत स्प्रिंग असते, आणि स्प्रिंग असली की दोरी आज ना उद्या तुटणार. हँडलवर मात्र माणसाचा ताबा राहतो. चॉपर घेतला जातो. सोबत एक सोलाणं फुकट मिळतं. ते काकूंच्या वाट्याला येतं.

घरी आल्यावर काकांनी यंत्र उघडलं ते वापरायला नव्हे, बघायला. खाली पारदर्शक भांडं. भांड्याच्या तळाशी मध्यभागी एक उभा खुंट. खुंटावर बसणारी दांडी आणि दांडीला वेगवेगळ्या उंचीवर तीन वाकडी पाती. वर झाकण, झाकणाच्या पोटात प्लॅस्टिकची दातेरी चाकं, डोक्यावर हँडल. हँडलचं मोठं चाक पात्यांचं लहान चाक फिरवतं, म्हणून हाताचा एक फेरा झाला की पाती त्याच्या कितीतरी पट फिरतात. नेमकी किती पट, हे काढण्यासाठी काकांनी एका पात्याच्या टोकाला काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, रिकामा चॉपर सावकाश फिरवला आणि आलेला आकडा कालनिर्णयवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशेबाशेजारी. त्या महिन्यात दूधवाल्याला थोडे जास्त पैसे गेले.

आता कामाची पद्धत. काका चिरत नाहीत, 'प्रोसेस' करतात. भाजी हे त्यांच्या लेखी मटेरिअल. ठरल्या वेळी ते ओट्याशी येतात, खांद्यावर नॅपकिन टाकतात आणि विचारतात, 'मटेरिअल तयार आहे का?' तयार म्हणजे काय, तर कांदे सोलून, देठं उडवून, चार फोडी केलेले. मिरच्यांची देठं काढलेली. कोथिंबीर निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून कोरडी केलेली, कारण ओली कोथिंबीर पात्याखाली यायची सोडून भांड्याच्या कडेला जाऊन चिकटते. ओटा कोरडा, भांड्याखाली दुमडलेलं फडकं. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. एवढं काकूंनी केलं की काका झाकण लावतात, डाव्या हाताने वरून दाबून धरतात आणि फिरवतात. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग झाकण उघडतात. कांद्यातून सुटलेला, डोळ्यांना झोंबणारा वायू इतका वेळ बंद भांड्यात कोंडलेला असतो, तो एका दमात वर येतो. काका डोळे पुसत मागे सरतात आणि वाहत्या नाकाने म्हणतात, 'बघ, तुझं रडणं वाचवलं.'

त्यानंतर भांडं ओट्यावर, पाती भांड्यात, झाकण उलटं आणि काका बाल्कनीत. धुणं हा प्रोसेसचा भाग नाही, ते मेंटेनन्समध्ये येतं. मेंटेनन्स काकूंकडे आहे. त्यातही झाकण नळाखाली धरायचं नाही, नाहीतर गिअरमध्ये पाणी जातं. पण नुसतं पुसलं तर कालचा कांदा आजच्या गाजराला लागतो. यावर तोडगा काय, हे काकांनी अजून सांगितलेलं नाही.

'मिक्सर आहे की घरात,' असं काकूंनी सुरुवातीला सुचवून पाहिलं. काकांनी मिक्सरचे वॉट, आवाज आणि वीजबिल यांवर व्याख्यान दिलं. गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी वीज गेली की काकांचा चेहरा उजळतो. आख्खी विंग पंख्याविना घामाघूम झालेली असते आणि काका दार उघडं टाकून, सर्वांना ऐकू जाईल असं, गाजर फिरवत बसलेले असतात.

त्यांच्याकडे प्रत्येक पदार्थाचं प्रमाणही आहे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन नवशिक्यांची सोय केली. काकांची मापं फेऱ्यांत आहेत. मिसळीवरचा कांदा सहा, कोशिंबिरीचं गाजर दहा, मिरचीचा खर्डा वीस. खर्डा तव्यावर वाटीच्या बुडाने रगडायचा असतो, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सोलापूरच्या गृहस्थांनी त्यांना समजावून पाहिलं. दोघं आता जिन्यात समोरासमोर आले की एकमेकांच्या पायांकडे बघतात.

खरी कुरबुर पोह्यांवरून होते. पाती नवी असतात तोवर कांदा कापला जातो, धार गेली की चेचला जातो. चेचलेल्या कांद्याला पाणी सुटतं. ते पाणी फोडणीत पडलं की कांदा परतला न जाता उकडतो, आणि मग पोह्यांना तो गोडसर खमंगपणा येत नाही. शिवाय पात्यांचा मारा तळाशी जास्त. त्यामुळे खाली लगदा आणि वर एक जवळजवळ अख्खी फोड, असा दुमजली कांदा तयार होतो. त्या फोडीला काका 'एक्सेप्शन' म्हणतात. काका बाल्कनीत गेले की काकू विळी पुढे ओढतात आणि एक्सेप्शनचा निकाल लावतात. पाहुण्यांसमोर पोहे गेले की काका म्हणतात, 'बघा, काय एकसारखा कांदा आहे.'

कोबीच्या भाजीत चॉपरचं काही चालतच नाही. तिला लांब, पातळ चीर लागते, आणि हा देतो भुगा. आणि खमंग काकडी! ती हातात धरून सुरीचे घाव घालत चोचवायची, मीठ लावून पाणी पिळायचं, मग दाण्याचं कूट, हिरवी मिरची, ओलं खोबरं, वरून तुपात जिऱ्याची फोडणी. चोचवलेल्या काकडीचे तुकडे लहान-मोठे असतात, म्हणून तर ती दाताखाली कुरकुरते. काकांनी गेल्या श्रावणात ती बारा फेऱ्यांत केली. आम्ही वाटीने प्यायलो.

तरी काकांना नुसतं हसण्यात अर्थ नाही. मराठी पुरुष स्वयंपाकघरात आला तो हँडल धरूनच आला. दिवाळीत चकलीचं पीठ घट्ट झालं आणि सोऱ्या फिरेना, की हाक कुणाला जायची? उन्हाळ्यात गच्चीवर आइस्क्रीमचा लाकडी पॉट, भोवती बर्फ आणि खडेमीठ. सुरुवातीचे सोपे फेरे पोरांचे, आणि दूध धरायला लागून हँडल जड झालं की पोरांना बाजूला सारून बसणारे वडील. होळीला पुरणयंत्र. डाळ शिजून गुळाबरोबर आटली की पुरण गरम असतानाच यंत्रातून काढावं लागतं. गार झालं की ते हटून बसतं आणि बाईमाणसाचा खांदा निखळायची वेळ येते. 'अहो, जरा हात लावता का?' पुरुष यायचा, बाह्या सारायचा, फिरवायचा, बोटभर पुरण चाखायचा आणि निघून जायचा. कुणाची तक्रार नव्हती, कारण हे वर्षातून एकदोनदा व्हायचं. काकांनी होळी रोजची केली.

होळीच्या दिवशी मात्र काकांना तोड नाही, हे कबूल करावंच लागेल. त्या सकाळी चॉपर फडताळात जातो आणि मजल्यावरच्या चारही घरांची पातेली त्यांच्याकडे येतात. पुरणयंत्राचे पाय परातीत रोवून, डाव्या हाताने दांडी घट्ट धरून काका जे फिरवतात ते बघण्यासारखं असतं. एक शब्द बोलत नाहीत, आकडे मोजत नाहीत. खाली मऊसूत पुरण पडत राहतं, आणि डाळीचा एक कण वर राहत नाही. गुढीपाडव्याला श्रीखंडाचा चक्काही त्याच यंत्रातून निघतो. त्या दोन दिवसांत काकू त्यांना चहा आपणहून देतात.

या विषयात काकांचा अभ्यासही आहे. पुरणयंत्रासारखंच यंत्र फ्रान्समध्ये आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. झाँ माँतले नावाच्या गृहस्थांना बायकोने केलेल्या कुस्करलेल्या बटाट्यात गुठळ्या लागल्या. त्यांनी १९३२ साली हँडल फिरवून भाजी गाळायचं यंत्र काढलं आणि त्यातून पुढे मुलिनेक्स ही मोठी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे जळाला, तेव्हा त्यांनी इथल्या स्वयंपाकाला पुरून उरेल असा दणकट मिक्सर बनवला. तोच साठच्या दशकातला 'सुमीत'. दोन्ही गोष्टी काका रंगवून सांगतात आणि शेवटी काकूंकडे वळून म्हणतात, 'म्हणजे बघ, यंत्रं सगळी नवऱ्यांनी बायकांसाठी केली.'

काकू भाकरी उलटत म्हणाल्या, 'त्यांनी यंत्र केलं आणि ते कामावर गेले. ओट्याशी उभे नाही राहिले. आणि त्यांच्या घरी आधी काहीतरी बिनसलं होतं. मी कधी म्हटलं होतं, मला चिरता येत नाही म्हणून?'

गेल्या डिसेंबरात चॉपर अडला. गिअरला ग्रीस लावलं तर पोटात जाईल म्हणून काकांनी खोबरेल तेल सोडलं होतं. आमच्याकडच्या थंडीत खोबरेल थिजतं, हे त्यांना बाटलीच्या बाबतीत चांगलं ठाऊक होतं, गिअरच्या बाबतीत सुचलं नाही. सकाळी हँडल हलेना. काकांनी झाकण शेगडीच्या बाजूला शेकायला ठेवलं आणि पेपर वाचायला गेले. तेल वितळलं, त्याबरोबर झाकणाचा काठही जरा वाकला. वाकलेलं झाकण नीट बसेना, तरी ते दाबून फिरवलं गेलं, आणि आतल्या चाकाचे चार-पाच दाते कोशिंबिरीत आले. काकांनी ते वेचून, धुऊन, काडेपेटीत ठेवले आहेत.

सध्या भांडं उत्तम आहे, खुंट जागेवर आहे, पात्यांना काकांनी स्वतः धार लावली आहे. फक्त झाकण नाही. सुटं झाकण दुकानात मिळत नाही, सगळा चॉपरच नवीन घ्या म्हणतात, आणि ते काकांच्या तत्त्वात बसत नाही. तुमच्या माळ्यावर असा एखादा चॉपर पडलेला असणारच, आणि बऱ्याच घरांत नेमकं उलटं झालेलं असतं, भांडं तडकलेलं आणि झाकण शाबूत. तसं असेल तर ते झाकण भंगारात देऊ नका. पांढरं झाकण, हिरवं हँडल, काठाला तीन खाचा. आमच्या वॉचमनकडे बी विंग सांगून ठेवलं तरी चालेल. मात्र काकांना कळवण्याआधी एकदा काकूंशी बोलून घ्या.