मानव वगळून मानवशास्त्र

मानवशास्त्रात एम.ए. करण्याचा हट्ट आता सोडावा. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर क्षेत्रकार्यात दोनेक वर्षे घालवली. आपला इंजिनिअर तेच ज्ञान सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काही महिन्यांत पाठ करून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ५०० गुणांसाठी मांडतो. विषयनिवडीचे कारणही शास्त्रशुद्ध: अभ्यासक्रम आटोपशीर. क्षेत्रकार्याचे काय, असा आक्षेप पदवीधर घेतात. पण आदिवासी प्रश्नपत्रिकेत घरपोच भेटत असताना पाड्यावर जाऊन त्यांचा वेळ का घ्यावा? शिवाय उमेदवार यशस्वी झाला, की सरकार त्याला आपल्या खर्चाने गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात धाडतेच. तिथे पोहोचताच तो आपला पहिला मौलिक प्रबंध सिद्ध करतो: बदलीचा अर्ज. टंकून देतो कार्यालयातला कंत्राटी लिपिक, मानवशास्त्राचा एम.ए.