एक हात खिशात

सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ कायम डावा हात खिशात घालून बोलतात. नवख्या माणसाला तो माज वाटतो, पण ती निव्वळ सवय. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओ सेटात अडीचशे-तीनशे व्होल्ट सहज असतात. दोन्ही हात आत घातले, तर करंट एका हातातून शिरून छातीमार्गे दुसऱ्यातून निघायचा. म्हणून जाणकार एक हात खिशातच ठेवतो. हे आमचे हॅमकाका, म्हणजे हौशी रेडिओवाले. पुण्यात ज्या इमारतीच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत एरियलची वीस मीटर तार ताणलेली दिसेल, तिथे असे एक काका हमखास.

काकांनी सरकारी परीक्षा दिली, मोर्स कोड घोकला आणि रीतसर लायसन काढलं. जगाशी बोलायला हल्ली तळहाताएवढा सेट मिळतो, पण काकांना त्यात राम वाटत नाही. त्यांचा जीव अडकलाय आर-1155 मध्ये. ब्रिटिश हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर विमानांत बसवलेला हा दहा व्हॉल्व्हचा रिसीव्हर. त्याला स्वतःचा स्पीकर नाही, पॉवर सप्लायही नाही. म्हणजे दोन्ही घरी बांधायची सोय! अशा सेटांच्या सुट्या भागांसाठी काका बुधवारी-रविवारी भाजीला म्हणून निघतात आणि जुन्या बाजारातून पिशवीत ट्रान्सफॉर्मर घालून येतात.

जुना सेट आणला की थेट प्लगमध्ये खुपसायचा नाही. आधी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. तो भक्कन पेटला, तर आत शॉर्ट. मिणमिणला, तर आशा. एलईडी आल्यापासून असे बल्ब दुर्मिळ झाले, म्हणून काकांनी ते कपाटात शालूंच्या शेजारी जपून ठेवलेत. मग कंडेन्सरची पाळी. मेणातले जुने कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात. दुसरा कोणी ते उपटून नवे टाकेल. काका सुनेच्या हेअर ड्रायरने मेण मऊ करतात, आतलं जुनं भेंडोळं ओढून काढतात, त्याच पुठ्ठ्याच्या नळीत नवा इवलासा पिवळा कंडेन्सर सरकवतात आणि टोकं पुन्हा मेणाने बंद करतात. हे सगळं चॅसिसच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी ढुंकूनही बघणार नाही. "मला माहीत आहे ना!" काका म्हणतात.

दूरची स्टेशनं सगळ्यात छान लागतात ती सूर्य मावळताना. दिवसा लहरी शोषून घेणारा आकाशातला थर तेव्हा विरतो. पण चार्जर आणि एलईडी दिव्यांची खरखर ऐकणं बिघडवते. सबब काका मेन स्विच पाडून बॅटरीवर सेट चालवतात. ऐन तिन्हीसांजेला, लक्ष्मी यायच्या वेळी घरात अंधार! लक्ष्मी त्या घरात का टिकत नाही, याबद्दल काकूंच्या मनात शंका नाही.

एवढ्या खटपटीनंतर सैबेरियातला कोणीतरी सापडतो. संभाषण असं: तुमचा सिग्नल फाइव्ह-नाइन (म्हणजे पैकीच्या पैकी), इकडे पाऊस, माझा सेट व्हॉल्व्हचा, सेव्हंटी-थ्री (म्हणजे शुभेच्छा). संपलं. आमटीलाही काका फाइव्ह-नाइनच देतात. गॅसवाल्याला फोनवर आडनाव सांगताना अल्फा-ब्राव्हो-चार्ली लावतात, त्यामुळे सिलिंडर अजून एकदाही त्या आडनावाने आलेला नाही.

तारेवरून सोसायटीत तक्रार झाली, तेव्हा काकांनी खिशातला हात न काढता इतिहास सांगितला. 2001 ला भूजच्या भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप पोचवले ते हॅम मंडळींनी. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुण्यात त्सुनामी येईपर्यंत तार उतरवून ठेवा."

पण काकांचं खरं दुखणं वेगळंच. सेट सुरू झाला की त्याच्यातला रस संपतो. चालणाऱ्या सेटाचं करायचं काय? तो फडक्याने पुसून माळ्यावर जातो आणि रिकाम्या टेबलावर नवा मोडका येतो. माळा आता भरला आहे. सध्याच्या सेटाला मात्र एक व्हॉल्व्ह कुठेच मिळत नाही. काका मुंबईचा लॅमिंग्टन रोडही पालथा घालून आले. घरात होता, हेही त्यांना पक्कं आठवतं. तो स्वयंपाकघरात, लवंग-दालचिनीच्या डब्यात, कापसात नीट गुंडाळलेला आहे. काकूंनी हिशेब केलाय: हा सेट बंद आहे, तोवर पुढचा येत नाही.