शब्दसंपदा कशी वाढवावी

इंग्रजी शब्दसंपदा वाढवायची तर आधी खुर्ची धरावी लागते. मुकुंदवाडीत अभ्यासिका शोधताना एसी, वायफाय बघू नये. शेजारच्या खुर्चीवर तीन वर्षं मुरलेला उमेदवार आहे ना, एवढंच बघावं. तोच कानात सांगेल, की एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात आणि एक उत्तर चुकलं की अर्धा गुण कापला जातो. हे ऐकून घशाला कोरड पडली, की आपण अभ्यासाला लायक झालो.

मग औरंगपुऱ्यातून नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आणावं. पुस्तक १९४९ सालचं. पहिली चाळीस पानं सगळ्यांचीच पाठ असतात. पुढे काय आहे ते लुईससाहेबांना ठाऊक. घरी कोणी 'किती वर्षं चाललंय हे?' असं विचारलंच, तर पीटर मार्क रोजे यांचं नाव घ्यावं. समानार्थी शब्दांची यादी त्यांनी १८०५ मध्ये करायला घेतली आणि थिसॉरस छापून आला १८५२ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी. ते पेशाने डॉक्टर होते आणि त्यांना वयोमर्यादेची अट नव्हती, हे घरच्यांना सांगू नये.

आता प्रत्यक्ष कृती. एक शब्द घ्यावा, त्याचे पाच समानार्थी घोकावेत आणि दिवस मावळायच्या आत त्यांतला सर्वांत अवघड शब्द कुठेतरी वापरून टाकावा. मी ही पद्धत काटेकोर पाळली. चिकलठाणा एमआयडीसीत नोकरीला असताना आजोबा वारले. रजेच्या अर्जात सगळे 'एक्स्पायर्ड' लिहितात. मला ते फारच प्राथमिक वाटलं. कोशात पुढेच 'टर्मिनेट' होतं. मी लिहिलं, ग्रँडफादर टर्मिनेट झाल्यामुळे तेरा दिवस रजा हवी. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि हळू आवाजात विचारलं, "कोणत्या डिपार्टमेंटला होते?"

वारले, निवर्तले, देवाघरी गेले, आटोपले, खपले, गचकले. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर यांतलं काय चालतं आणि काय छापलं तर फ्लेक्सवाल्याला मार बसतो, हे मुकुंदवाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने यादी पाठ केलेली नसते. मयतीला आणि भांडणाला, दोन्हीकडे हजेरी लावलेली असते. शहराचंच घ्या ना. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवली ती खडकी, मग फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. गाव एकच. तरी शेअर रिक्षात कोणापुढे कोणतं नाव घ्यायचं, याचा अंदाज माणूस क्रांती चौक यायच्या आत बांधतोच. इंग्रजीतला असला अंदाज त्या २५ प्रश्नांत येत नाही. तेव्हा त्यात वेळ घालवू नये.

विरुद्धार्थी शब्द त्या मानाने सोपे. पुढे 'इन' लावलं की झालं. फक्त जालना रोडवर पेट्रोलचा टँकर दिसला, की मान दुसरीकडे वळवावी. त्याच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, आणि आपल्या नियमाप्रमाणे तो काडी लावली तरी पेटायला नको. हा 'इन' लॅटिनमधला, 'आत' या अर्थाचा, नकाराचा नव्हे. 'फ्लेमेबल' काय नि 'इन्फ्लेमेबल' काय, दोन्ही भडकतात. 'इनव्हॅल्युएबल' माणूसही बिनकामाचा नसतो, अनमोल असतो. सत्काराच्या भाषणाआधी एवढं तपासून घ्यावं.

इंग्रजांना हसण्याआधी मात्र घरात बघावं. माझी आजी निघताना 'येते' म्हणायची आणि जायची. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करतानाही ते वाढवतोच. पेपरात असलं काही सुचलं तर तो प्रश्न सोडून द्यावा, अर्धा गुण वाचेल.

आमच्या अभ्यासिकेखालचा चहावाला रात्री दहाला दुकान वाढवतो. चहा हवा असेल तर त्याआधी खाली उतरावं.