विनोदी मालिकेच्या लेखकाला, यवतमाळहून

अहो लेखक महाशय,

तुमच्या मालिकेत पुन्हा एक मुसलमान कुटुंब आलं. डोळ्यांत सुरमा, तोंडात पान, गळ्यात चौकटीचा रुमाल, दर वाक्याला ‘जनाब’, मागे पोरांची रांग. कपडेपटावर इतका वेळ घालवता, त्यातला एक दिवस आमच्या जिल्ह्यात घालवा.

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद हा कापसाचा मुलूख. त्या कापसाच्या गाद्या भरणारे पिंजारी इथलेच. मण्यार बांगड्या विकतात, बागवान फळं. आडनाव देशमुख किंवा पटेल असलेले मुसलमान शेतकरीही विदर्भात आहेत. तुमच्याकडे मात्र सगळे खान! ‘भाव काय देऊन राहिले?’ असं बाजारात विचारणाऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही लखनौच्या नवाबाची भाषा घालता. वऱ्हाडी तुम्हाला येत नाही असं नाही, पण ती तुम्ही गड्याला नाहीतर गावंढळ पाहुण्याला देता. म्हणजे आमच्या मुसलमानाला त्याच्या खऱ्या बोलीत बोलू दिलं, तरी तुम्ही त्या बोलीलाच हसणार.

आणि तो तलाकचा विनोद! १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा नेला, तेव्हा त्यात फक्त सात मुस्लिम बायका होत्या. एवढ्या मोठ्या शहरात सात! ज्या शब्दानं संसार मोडायचे, तो तुमचं पात्र तीनदा उच्चारतं आणि मागून हशा वाजतो. लाज कशी वाटत नाही?

मुसलमानांवर विनोद नकोच, असं माझं म्हणणं नाही. कॅनडात २००७ साली झरका नवाझ यांची ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ ही मालिका आली. मशिदीत बाया-माणसांमध्ये आडोसा असावा की नाही, यावर तिथले मुसलमानच आपसात भांडतात आणि बघणारा खळखळून हसतो, कारण त्यातलं प्रत्येक माणूस वेगळं आहे. टोपी काढली तर तुमच्या पात्रात काय उरतं, सांगा.

पुढचं कुटुंब लिहाल तेव्हा आधी त्याचं गाव, धंदा आणि कर्ज ठरवा. दिग्रसचा एक पिंजारी घ्या. फोमच्या गाद्या आल्या, धंदा बसला, बायको रोज हिशोब मागते. पोरगी पोलीस भरतीसाठी पहाटे धावते आणि बाप धापा टाकत सायकलवर तिच्या मागे. यात तुम्हाला विनोद सापडत नसेल, तर लेखणी खाली ठेवा. सापडला, तर बापाच्या कामासाठी इथलाच नट बोलवा. त्याला भाषा शिकवावी लागणार नाही.

एक यवतमाळकर प्रेक्षक